उजेड गाळणारी काच : पुण्यातली एक फेरी

पुण्याला जायची आपली कारणे ठरलेली असतात. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल पोचवायचा असतो, घरातल्या कुणाला मोठ्या डॉक्टरला दाखवायचे असते, मुलीचा कॉलेजातला प्रवेश असतो, नाहीतर जमिनीच्या कागदाचे एखादे रेंगाळलेले काम असते. काम आटोपले की आपण संध्याकाळची एस. टी. पकडतो आणि घरी येतो. या खेपेस मात्र, वाचकहो, मी तुम्हाला पुण्यात फिरवणार आहे ते एका काचेपायी. काच तशी लहानच, रुपयाच्या नाण्याएवढी. ड्रोनच्या कॅमेऱ्यापुढे ती बसवतात आणि तिला फिल्टर म्हणतात.

ड्रोन आता आपल्याला नवा राहिलेला नाही. लग्नाच्या मांडवावर तो घोंगावतो, जत्रेत घोंगावतो. फवारणीचे मोठे ड्रोन तर बचत गटातल्या बायका चालवू लागल्या आहेत. त्यासाठी केंद्र सरकारने २०२३ साली १५,००० गटांची नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली. फवारणीच्या यंत्राशी आपल्या काचेचा संबंध नाही. पण चित्रे काढणारा छोटा ड्रोन घ्यायचा हट्ट पुष्कळ घरांत धरला जातो. पोरगा म्हणतो, लग्नसराईत चार पैसे मिळतील. बाप कसेबसे पैसे उभे करतो. यंत्र घरात येते न येते तोच पोरगा म्हणतो, आता फिल्टरचा संच पाहिजे. बाप विचारतो, कॅमेऱ्याला काच आहे ना, मग तिच्यापुढे आणखी काळी काच कशाला? उजेडासाठी लोक भिंतीला खिडक्या पाडतात, आणि तू पैसे देऊन अंधार आणतोस?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पुण्यात पायी हिंडता हिंडता मिळते, आणि गंमत अशी की त्यासाठी ड्रोन उडवावा लागत नाही. किंबहुना तो उडवूच नये. पुण्याचे लोहगाव विमानतळ हवाई दलाचे आहे आणि प्रवासी विमानेही तिथूनच उडतात. शहरात लष्कराच्या दक्षिण विभागाचे मुख्यालय आहे, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे देशाच्या नकाशावर हिरवे, पिवळे आणि तांबडे पट्टे पाडलेले आहेत. तांबड्या पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय यंत्र उडवता येत नाही, पिवळ्यात विमान नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. नियम मोडला तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा यंत्र घरीच ठेवा. त्याऐवजी खिशात एक पोलराइज्ड गॉगल ठेवा. आजची शाळा त्या गॉगलवर भरणार आहे.

स्वारगेटला उतरून सकाळीच पर्वती गाठावी. पायऱ्या शंभराच्या वर आहेत, पण रुंद आणि चढायला सोप्या. रोज शेतात राबणाऱ्याला त्यांचे काय! वरचे देवदेवेश्वराचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधले. देवदर्शन करून तटाशी उभे राहिले की खाली सगळे पुणे पसरलेले दिसते. पूर्वी इथून वाड्यांची कौले आणि आमराया दिसत असतील. आता उंच इमारती दिसतात आणि त्यांच्यावर थंडीच्या दिवसांत धुरकट पडदा दिसतो.

आता गॉगल डोळ्यांना न लावता हातात धरा, त्याची एक काच एका डोळ्यासमोर आणा, आणि उत्तरेकडच्या आकाशाकडे पाहत ती काच चाकासारखी हळूहळू फिरवा. एका ठिकाणी आकाश गडद निळे होईल, ढग कापसासारखे उठून दिसतील. आणखी पाव फेरा फिरवली की पुन्हा फिके. असे का होते? सूर्याचा उजेड हवेत विखुरतो तेव्हा त्याच्या लाटा एका ठराविक दिशेने डुलू लागतात. ही काच म्हणजे बारीक गजांची खिडकी समजा. गजांना समांतर डुलणारी लाट आत येते, आडवी डुलणारी अडते. सूर्याला काटकोन करून असलेल्या आकाशात हा गुण सर्वांत जास्त असतो. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणून उत्तर आणि दक्षिण या दिशा चांगल्या. सूर्याकडे तोंड करून किंवा सूर्य थेट पाठीशी घेऊन काच कितीही फिरवा, आकाशात फारसा फरक पडत नाही. (आणि सूर्याकडे असल्या कोणत्याही काचेतून पाहू नका. पोरांनाही बजावा.)

ड्रोनवर बसवायची पोलरायझर नावाची काच ती हीच. तिची एक अडचण लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपण काच हाताने फिरवली. यंत्र आकाशात गेल्यावर ती फिरवायला तिथे कोण आहे? जमिनीवर असताना एका दिशेसाठी ती बसवायची आणि यंत्र त्याच दिशेला तोंड करून उडवायचे. गावाभोवती गोल घिरटी घातली की आकाश एकीकडे काळेनिळे आणि दुसरीकडे पांढुरके येते, आणि पाहणाऱ्याला वाटते कॅमेरा बिघडला.

त्या धुरकटपणाविषयीही दोन शब्द. दुकानदार यूव्ही नावाची एक पारदर्शक काच दाखवतो आणि म्हणतो, हिने धुके कापले जाते. फिल्मच्या जमान्यात हे बऱ्याच अंशी खरे होते, कारण डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण फिल्मवर उमटत आणि लांबचे डोंगर पुसट येत. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याला ते किरण जवळजवळ लागतच नाहीत. म्हणून यूव्ही काच आता मूळ काचेवर ओरखडा पडू नये एवढ्यापुरती. आणि पुण्याच्या हवेतली धूळ व गाड्यांचा धूर कापणारी काच अजून निघालेली नाही.

पर्वती उतरून डेक्कनकडे निघा आणि लकडी पुलावर थांबा. कागदोपत्री त्याचे नाव संभाजी पूल, पण लोकांच्या तोंडी लकडी पूलच. खडकवासल्यातून पाणी सोडलेले असेल तर मुठेचे पात्र भरलेले दिसेल. उन्हाळ्यात मात्र पाणी कमी आणि वास जास्त, तेव्हा जास्त वेळ रेंगाळण्यात अर्थ नाही. कठड्याशी उभे राहून पात्रात थोडे लांबवर, तिरपे पाहा. पाण्यावर आभाळ चकाकते. गॉगलची काच फिरवली की ती चकाकी विझते आणि खालचे दगड, गवत, गाळ दिसू लागतो. आता पायांखाली सरळ उभे पाहा आणि काच फिरवा. काही होत नाही. तिरप्या नजरेतच तिची किमया चालते. म्हणजे ड्रोनने विहिरीवर किंवा शेततळ्यावर नेमके उभे राहून खाली पाहिले तर पोलरायझरचा पैसा वाया. हीच गोष्ट पानांची. उसाच्या, केळीच्या पानांवर ऊन चकाकते ते पुसले गेले की पीक अधिक हिरवेगार दिसते. लग्नाच्या चित्रात छान. पण पानावरचा पिवळेपणा पाहून सल्ला विचारायचा असेल, तर तो हिरवेपणा आपलीच फसवणूक करतो.

डेक्कनवरून लॉ कॉलेज रस्त्याने गेले की फिल्म इन्स्टिट्यूटचे फाटक लागते. ही जागा मूळची प्रभात फिल्म कंपनीची. कोल्हापुरात १९२९ साली निघालेली प्रभात १९३३ साली पुण्याला आली, आणि इथेच दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६ साली तयार झाला. तुमच्या आजोबांनी तंबूतल्या पडद्यावर तो पाहिला असेल. १९६० साली या जागेत सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी ही संस्था सुरू केली. काळ्या-पांढऱ्या फिल्मच्या त्या दिवसांत जगभरचे कॅमेरामन भिंगापुढे पिवळी किंवा तांबडी काच लावत. पिवळी काच निळा उजेड अडवते, म्हणून आकाश गडद आणि ढग ठळक. तांबडी लावली तर भरदिवसाचे आभाळ जवळजवळ काळे. फिल्टर ही काही ड्रोनबरोबर जन्मलेली चैन नव्हे, एवढे यावरून कळावे.

बापाने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र त्या जुन्या कॅमेऱ्याच्या पोटात आहे. चलच्चित्र म्हणजे एकामागून एक काढलेली स्थिर चित्रे, सेकंदाला चोवीस. कॅमेऱ्यात फिल्मपुढे एक अर्धवर्तुळाची चकती फिरत असे. अर्धा फेरा उजेड आत, अर्धा फेरा बंद. म्हणजे प्रत्येक चित्राला उजेड मिळे तो सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग. एवढ्या वेळात चालणाऱ्या माणसाचा पाय थोडा पुसट येतो, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्या एकमेकींत मिसळतात. हा पुसटपणाच डोळ्यांना ओघ वाटतो. नव्वद वर्षे आपले डोळे त्या ओघाला सरावले आहेत.

आता ड्रोन घ्या. त्याच्या कॅमेऱ्याची बाहुली पुष्कळ लहान यंत्रांत लहान-मोठी होत नाही. ती कायम उघडी. चैत्रातल्या भर दुपारी, बाहुली २.८ मापाची असेल तर, कॅमेऱ्याला प्रत्येक चित्र सेकंदाच्या ३२०० व्या भागात उरकावे लागते. त्याहून जास्त वेळ उघडा राहिला तर चित्र पांढरे फटक. एवढ्या कमी वेळात पुसटपणा कुठून येणार? प्रत्येक चित्र कोरल्यासारखे, आणि ती जोडली की वरात लाकडी बाहुल्यांसारखी टकटक चालते. झाडांच्या शेंड्यावरून यंत्र नेले की पाने कुरकुरल्यासारखी दिसतात. पंख्यांची थरथर, पात्यांच्या सावल्या, सगळे वर येते. लग्नाची अशी चित्रे मी गावोगाव पाहिली आहेत. मांडव खरा, माणसे खरी, आणि तरी काहीतरी खोटे वाटत राहते.

आपल्याकडे चित्रण बहुधा सेकंदाला पंचवीस चित्रांचे करतात. त्याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, हा उजेडाचा वेळ हवा. ३२०० ला ५० ने भागा. उत्तर ६४. म्हणजे येणाऱ्या उजेडाचा चौसष्टावा भागच आत सोडणारी काच लावली की काम झाले. तिचेच नाव एनडी ६४. वेल्डिंगवाल्याच्या तोंडापुढे काच असते ना, तिचीच ही सौम्य बहीण. रंग न बदलता नुसता उजेड कमी करणारी. एनडी ८ आठवा भाग सोडते, एनडी १६ सोळावा, एनडी ३२ बत्तिसावा. आभाळ दाट भरून आले की उजेड साधारण आठव्या भागावर येतो, तेव्हा ८ चीच पुरते. सकाळ-संध्याकाळच्या कोवळ्या उन्हात ८ किंवा १६. दिवेलागणीनंतर कोणतीही काच नको. अंधारात काळा चष्मा लावण्यासारखे ते होईल. आषाढी वारीत माउलींची पालखी दिवे घाट चढते तेव्हा बहुधा आभाळ असते, आणि मधेच ऊन पडते. ड्रोन वर असताना ऊन पडले तर काच बदलता येत नाही, तो खाली आणावा लागतो. म्हणून उडवण्याआधी आभाळाकडे पाहून अंदाज बांधायचा. ही विद्या शेतकऱ्याच्या पोराला कुणी शिकवायला नको.

ही एक काच समजली की बापाचे निम्मे समाधान होते. उरलेले निम्मे दुकानात. बुधवार पेठेतली तापकीर गल्ली विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानासाठी प्रसिद्ध आहे, आणि कॅमेऱ्याची दुकाने शहरात इतरत्रही पुष्कळ आहेत. कुठेही गेलात तरी आपल्या ड्रोनचे मॉडेल कागदावर लिहून न्या. एकाची काच दुसऱ्याला बसत नाही. एनडी काच पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. कागद नुसता करडा दिसला तर ठीक, हिरवट किंवा तांबूस दिसला तर नवरीची साडीही तशीच दिसेल. पोलरायझर असेल तर मोबाइलच्या पडद्यासमोर धरून फिरवा, बहुतेक पडदे एका ठिकाणी काळवंडतात. आठ काचांच्या डबीला भुलू नका. माझ्या मते सुरुवातीला ८, १६ आणि ६४ या तीन पुरेत. पोलरायझर पुढे हौस राहिली तर.

वजनाकडेही पाहावे. कॅमेरा ज्या झुलत्या हातावर बसवलेला असतो, त्याला गिंबल म्हणतात. त्याच्या मोटारी नाजूक असतात आणि एक-दोन ग्रॅमच्या हिशेबाने जुळवलेल्या असतात. जड काच बसवली की त्या धापा टाकतात. काच नेहमी यंत्र बंद असताना चढवावी. शिवाय नियमात अडीचशे ग्रॅमची एक रेघ आहे. त्याच्या आतले यंत्र सर्वांत लहान गटात येते. त्याहून जड यंत्र पैसे घेऊन उडवायचे तर वैमानिकाचे प्रमाणपत्र लागते. २४९ ग्रॅमच्या यंत्रावर दोन ग्रॅमची काच चढवली तर यंत्र रेघेपलीकडे जाते. हे दुकानात कुणी सांगत नाही. आणि शेतात उडवताना खाली जुनी घोंगडी अंथरा. पंख्यांच्या वाऱ्याने उडालेली माती पहिल्यांदा त्या काचेवरच बसते.

शिवाजीनगरला १९०७ पासूनचे कृषी महाविद्यालय आहे. त्याच्या आवारातल्या जुन्या झाडांखाली घटकाभर बसा आणि तिसऱ्या जातीच्या काचेविषयी ऐका, कारण ती आपल्या शेतीची आहे. पिकाच्या पाहणीसाठी जे खास कॅमेरे ड्रोनवर लावतात, त्यांत चार-पाच लहान भिंगे शेजारी शेजारी असतात आणि प्रत्येकापुढे कारखान्यातच बसवलेली वेगळी काच असते. एक फक्त तांबडा उजेड सोडते, एक फक्त हिरवा, आणि एक डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा अवरक्त उजेड सोडते. निरोगी पान तांबडा उजेड खाते आणि अवरक्त भरपूर परत टाकते. पान सुकू लागले, उपाशी पडले, की हे प्रमाण बदलते. समजा, निरोगी पानाने शंभरातले ५० भाग अवरक्त परत टाकले आणि ५ भाग तांबडे. दोहोंच्या वजाबाकीला बेरजेने भागा : ४५ भागिले ५५, म्हणजे सुमारे ०.८२. आजारी पानाने ३५ आणि १२ टाकले, तर २३ भागिले ४७, म्हणजे ०.४९. या आकड्याला एनडीव्हीआय म्हणतात. असे आकडे साऱ्या शेताचे काढून रंगवले की कुठला वाफा मागे पडला ते दिसते. का मागे पडला, ते दिसत नाही. पाणी तुंबले, हुमणी लागली की खत पोचले नाही, हे पाहायला चिखल तुडवत त्या वाफ्यापर्यंत जावेच लागते. या कॅमेऱ्यावर वरून आपली एनडी काच चढवणे म्हणजे वजनकाट्याला दगड बांधणे.

वेळ असेल तर शेवटची फेरी शहराबाहेर काढा. हडपसरवरून दिवे घाट चढून सासवडच्या वाटेला लागा. पुरंदर तालुक्यातले सोनोरी गाव तिथून जवळ. वर मल्हारगड, गावात सरदार पानश्यांचा वाडा. पण मी तुम्हाला नेतो आहे ते गडासाठी नाही. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करून मालकीची मिळकत पत्रिका देण्याची देशभरची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली. त्याच्या आधीच महाराष्ट्रात अशी प्रायोगिक मोजणी ज्या गावात झाली ते हे सोनोरी. पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घराचा धड कागद नाही, म्हणून बँक दारात उभी करत नाही, भाऊबंदकीत भिंत कुणाची यावरून डोकी फुटतात; अशा घरांना या मोजणीचे मोल सांगायला नको.

या कामात आपली काळी काच चालत नाही. हिशेब पाहा. ड्रोन सेकंदाला ५ मीटर वेगाने चालला आहे. सेकंदाच्या १००० व्या भागात चित्र घेतले तर तेवढ्यात तो अर्धा सेंटिमीटर सरकतो. एनडी काच लावून ५० व्या भागात घेतले तर १० सेंटिमीटर सरकतो. लग्नाच्या चित्रात जो पुसटपणा ओघ वाटला, तोच इथे भिंतीची कड वीतभराच्या निम्म्याने पसरवतो. आणि दहा सेंटिमीटरवरून आपल्याकडे किती वर्षे दावे चालतात, ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून मोजणीला भरपूर ऊन, उघडी काच आणि जलद शटर. गारपिटीनंतर, पुरानंतर नुकसानीची चित्रे घ्यायची असतील तरी हेच. तिथे चित्र सुंदर असून उपयोग नाही, खरे असावे लागते. पोरगा मोजणीच्या किंवा पाहणीच्या कामावर निघाला तर त्याची काचांची डबी घरी ठेवून घ्या.

मोजणीचा ड्रोन उडण्याआधी गावात प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची पांढरी रेघ मारतात, आणि वरच्या चित्रात तीच रेघ वाचली जाते. तुमच्या गावातली मोजणी राहिली असेल तर ग्रामपंचायतीत तारखेची चौकशी करून ठेवा, आणि त्या दिवशी शेजाऱ्याला बरोबर घेऊन, चुना पडत असताना, स्वतः तिथे उभे राहा.